ओळख निघाली

या प्रकरणातल्या मॅडमांचा विषय मी बदलला आहे, पेठ बदलली आहे आणि त्यांच्या अक्षराची खूणही. कॉलेजचं नाव देत नाही, इन्स्टाग्रामवरच्या त्या पेजचंही नाही. एवढं झाकूनही शिवाजी पेठेतल्या एखाद्या कट्ट्यावर कुणीतरी हे वाचून म्हणणारच, 'हे अमक्यांच्या पोरीचं दिसतंय.' त्याला माझ्याकडे इलाज नाही. मॅडमांची परवानगी आहे. त्यांनी मसुदा वाचून दोन ओळी खोडल्या, त्या इथं नाहीत.

मी कोल्हापुरातच दुसऱ्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. मॅडमांचा भाऊ माझ्या ओळखीचा. मॅडमांच्या निनावी पेजमागचं नाव फुटलं. सगळं होऊन गेल्यावर तो घरी आला आणि म्हणाला, "सर, हे झालं कसं तेवढं सांगा." त्या 'कसं'चा शोध घेताना जे हाती लागलं ते लिहितोय.

पेज

मॅडम एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायच्या. बोलीत सीएचबी. दर वर्षी नव्यानं मुलाखत, शिकवलेल्या तासांपुरते पैसे, सुट्टीत काही नाही, आणि बिल कधी निघेल ते कार्यालयालाही सांगता येत नाही. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं वयाच्या चाळिशीपर्यंत अशी शिकवत राहतात. पुढच्या जूनमध्ये आपल्याला बोलावतील की नाही हे आदल्या मेमध्ये माहीत नसतं. अशा माणसाला गप्प बसवायला कुणी दम द्यावा लागत नाही, कॅलेंडर पुरतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये मॅडमांनी निनावी पेज काढलं. त्यात आरोप नव्हते, कुणाचं नाव नव्हतं. चार-पाच ओळींचे मजकूर असायचे. एक मला पाठ आहे: "पोरं विचारतात, सर तुम्ही पर्मनंट आहात का? मी फळा पुसत होतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं." दुसरा होता: "बिल वर गेलंय म्हणतात. चार महिने झाले. एवढ्यात पन्हाळ्यावर चालत जाऊन आलो असतो." हजार-बाराशे लोक वाचायला लागले. बहुतेक तसेच तासांवर जगणारे, नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतचे.

नाव लपवण्याचं कारण उघड होतं. शिवाय त्या वर्षीची हवाही वेगळी होती. ७ जून २०२३ ला सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून शहरात मोठा तणाव झाला, इंटरनेट बंद करावं लागलं, आणि त्यानंतर कोण कुठं काय टाकतं याकडे प्रत्येक संस्थेत कुणीतरी डोळा ठेवून असायचं. मॅडमांचा विषय त्याच्या पलीकडचा, पण धास्ती विषय बघून बसत नाही.

नाव झाकून लिहिणं आपल्याकडे नवीन नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' म्हणून आपल्याच समाजाला खडे बोल सुनावत होते. केशवसुत, कुसुमाग्रज ही नावं तर आपण मूळ नावांपेक्षा जास्त वापरतो. टोपणनावामागचा माणूस पुष्कळांना माहीत असायचा आणि तरीही टोपणनाव आपलं काम करायचं. माहीत असलेलं प्रत्येकानं बोलून दाखवलंच पाहिजे असा दंडक नव्हता.

मॅडमांनी तयारी मात्र भक्कम केली होती. वेगळा ईमेल, फोनचं लोकेशन बंद, व्हीपीएनचे पैसे भरलेले. आणि सगळं लिखाण पुरुषाच्या तोंडी. "मी गेलो, मी शिकवतो." मला हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. ते का, ते पुढे येतं.

नाव कसं फुटलं

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत 'ओळख' या एका शब्दात दोन गोष्टी राहतात. मी कोण ती ओळख, आणि मला कोण ओळखतं तीही ओळख. बँकेत ओळखपत्र लागतं, आणि बँकेतलं काम लवकर व्हायला ओळख लागते. कोल्हापुरात ही दुसरी पहिलीपेक्षा जुनी आणि दांडगी. नवख्या माणसाला इथं नाव मागाहून विचारतात. आधी "कुठलं?", मग "कुणाच्यातलं?". पेठ सांगितली की तालीम विचारतात. दोन प्रश्नांत मामाच्या साडूपर्यंत पोचतात आणि तृप्त होऊन म्हणतात, "बघा, निघाली की ओळख!"

जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या कॉलेजातल्या एका सीएचबी शिक्षकाचा गगनबावडा रस्त्यावर अपघात झाला. पाय मोडला. म्हणजे तास बुडाले, म्हणजे पैसे बंद. पेजवरून मदतीचं आवाहन केलं गेलं. पैसे कुठं घ्यायचे हा प्रश्न आला तेव्हा मॅडमांनी स्वतःचा नंबर न देता भावाचा दिला. त्यांचं सासरचं आडनाव वेगळं, भावाचं माहेरचं. एक पायरी लांब ठेवली असं त्यांना वाटलं.

यूपीआयवर कुणालाही पैसे पाठवायला नंबर टाकला की पैसे जाण्याआधीच बँकेत नोंदलेलं नाव समोर येतं. ही सोय चांगल्या हेतूची आहे, चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणून केलेली. पण तिचा दुसरा अर्थ असा की ज्याच्याकडे आपला नंबर आहे त्याला एक रुपयाही न पाठवता आपलं बँकेतलं नाव कळतं. भावाचं नाव आलं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पूर्ण.

नांदेडच्या वाचकाला त्या नावाचा काही उपयोग नव्हता. पुण्याच्याही नाही. उपयोग झाला तो मॅडमांच्याच कॉलेजच्या कार्यालयातल्या एका लिपिकाला, जो भावाच्याच तालमीचा. त्यानं मनापासून पाचशे रुपये पाठवले आणि दुपारी चहाच्या गाड्यावर कौतुकानं बोलून गेला, "अरे, हे तर आपल्या अमक्याचं खातं. त्याची बहीण आपल्याकडंच मॅडम हाय की." त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. ओळख निघाल्याचा आनंद होता, जो इथं कुणालाही होतो. नंतर तो मॅडमांच्या घरी येऊन रडला.

हे शेवटचं टोक. मग मी मॅडमांबरोबर बसून सगळ्या पोस्ट मागून पुढं वाचल्या, तेव्हा दिसलं की टोक लागायच्या आधीच बराच दोरा सुटलेला होता.

फळ्याचा फोटो. एकदा त्यांनी मजकूर टाइप न करता रिकाम्या वर्गात फळ्यावर लिहून त्याचा फोटो टाकला. लोकेशन बंद होतं, फोटोत माणूस नव्हता. पण तीन वर्षं ज्यांनी त्या फळ्यावरून नोट्स उतरवल्या त्या मुलांना 'श'चं वळण कळणार नाही होय? दोन मुली सप्टेंबरातच ओळखून बसल्या होत्या. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वर्गात थोडं जास्त लक्ष द्यायला लागल्या, एवढंच. या दोघी मला या प्रकरणातल्या सर्वांत शहाण्या व्यक्ती वाटतात.

पोस्टच्या वेळा. मंगळवार आणि शुक्रवार, बाराच्या आगेमागे. त्या वेळी मॅडमांना मोकळा तास. वेळापत्रक कॉलेजच्या सूचनाफलकावर लावलेलं. २०१३ मध्ये एका युरोपीय देशातल्या १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या होत्या. नावं काढून टाकलेली. माणूस कधी आणि कुठं होता याचे फक्त चार ठिपके मिळाले, तरी ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे काढता आले. एका कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चार ठिपके म्हणजे चैन झाली. दोनांत भागतं.

नंबर. वेगळा ईमेल काढला, पण पेज उघडताना नंबर स्वतःचाच दिला. लोक आपली संपर्कयादी ॲपला वाचू देतात आणि ॲप त्या यादीवरून कोण कुणाला ओळखत असेल हे जुळवत बसतं. व्हीपीएन तुम्ही कुठून आलात ते झाकतं. तुम्ही दारावर आपलंच नाव सांगितलं, तर तो बिचारा काय करणार?

आणि ते 'मी गेलो'. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी पेजवाल्याला निःशंकपणे 'सर' म्हटलं. पण कोल्हापूरकडच्या बायका घरात काय बोलतात? "मी बाजारला जातो, मी मघाशीच आलो." माझी आई असंच बोलते. त्यामुळे मॅडमांनी वेष म्हणून जे घातलं ते नेमकं त्यांच्या घरातलं पातळ निघालं. पुरुषी क्रियापदाच्या खाली 'जीव कासावीस', 'बाई गं' असलं काही यायचं आणि इथल्या कानाला लगेच कळायचं. लिहिण्याच्या लकबीवरून लेखक ओळखण्याचं तर आता शास्त्रच आहे. १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं एकाच टोपणनावानं छापून आलेल्या लेखांपैकी बारा लेख कुणाचे यावर दीडशेहून अधिक वर्षं वाद होता. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये 'अपॉन'सारखे किरकोळ शब्द किती वेळा येतात ते मोजून ते त्या लेखकांपैकी एक असलेल्या मॅडिसन यांच्या पदरात टाकले. मोठे शब्द माणूस जपून वापरतो, किरकोळ शब्दांकडे त्याचं लक्ष नसतं.

फुटल्यावर

चहाच्या गाड्यावरची गोष्ट संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. कॉलेजच्या संकेतस्थळावरचा मॅडमांचा फोटो, पेजचा स्क्रीनशॉट, खाली नंबर, आणि 'हीच ती'. कुणी टाकलं ते ग्रुपला माहीत आहे. त्यानं आठ मिनिटांत काढूनही टाकलं. तोवर ते आणखी कुठल्या ग्रुपवर गेलं, याची गणती नाही.

गल्लीलाही माणसाचं सगळं माहीत असतं. पण गल्लीला तुमचं जसं माहीत, तसं तुम्हाला गल्लीचं माहीत असतं. फार बोललं तर आपलंही निघेल म्हणून सगळे बेतानं बोलतात. नवी पोर पळून गेली की जुनी गोष्ट मागं पडते. त्या स्क्रीनशॉटला असली कुठलीच लाज नव्हती. तो ज्याच्या हातात गेला त्याचं मॅडमांना काहीच माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी मॅडमांच्या नावानं आणि फोटोनं एक बनावट खातं निघालं आणि त्यावरून विद्यार्थ्यांना घाण संदेश जायला लागले. रात्री फोन यायला लागले. एका नंबरवरून तीनदा: "घर ठाऊक हाय तुझं. येतो."

इथं आम्ही कायदा उघडून बसलो. पेजमागचं नाव जाहीर करणं हा नुसता एवढाच प्रकार असेल, तर त्याला नेमकं कलम सापडेना. खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या कलमातला मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. पण तो हक्क मुख्यतः सरकारपुढे उभा राहतो, चहाच्या गाड्यापुढे नाही. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला होता, पण त्या जानेवारीत तो लागू नव्हता. आणि लागू असता तरी, व्यक्तीनं स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्यानं आपल्या कक्षेबाहेरच ठेवली आहे.

बनावट खात्याचं तसं नाही. दुसऱ्याची ओळख लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. २०२१ च्या नियमांनुसार तोतयेगिरीची तक्रार आली की कंपनीनं २४ तासांत पाऊल उचलायचं, असं तेव्हा बंधन होतं. खातं दोन दिवसांत गेलं. फोनवरच्या धमकीसाठी तर १८६० ची दंड संहिताच पुरेशी होती. तिच्या ५०७ व्या कलमात नाव लपवून दिलेल्या धमकीला वेगळी, जादा शिक्षा सांगितलेली. निनावी असणं तेव्हाही गुन्हा नव्हता, नाव लपवून भीती घालणं होता. हा फरक दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना कळला होता त्यांचं मला कौतुक वाटतं.

तक्रार भरताना एक गंमत झाली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोन वाटा आहेत. एक निनावी, आणि दुसरी नाव देऊन पाठपुरावा करता येण्याजोगी. मॅडम माउस हातात धरून बराच वेळ त्या दोन चौकटींकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आता काय राह्यलंय लपवायला?" आणि पूर्ण नाव भरलं. सासरचं.

दुसरी ओळख

भावाच्या तालमीतल्या पोरांना पोर्टल वगैरे पटलं नव्हतं. धमकीचा नंबर त्यांनी यूपीआयमध्ये टाकला. नाव आलं. नंबर कुणाचा ते सांगणाऱ्या ॲपवर नावापुढं कुणीतरी गावाचं नाव जोडून ठेवलेलं. पन्हाळा तालुका. रात्री साडेनऊला पाचजण दारात उभे. "गावलंय. बोला मॅडम, जाऊन येऊ?"

दोन गाड्या चालू होत्या. मी तिथंच होतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मलाही वाटलं, जाऊ देत.

मॅडम म्हणाल्या, "माझंबी असंच गावलं होतं नव्हं?"

पोरं म्हणाली, "पण ते बरोबर होतं की."

त्यावर मॅडमांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, पण ते फार तांत्रिक होतं आणि गाड्या चालू होत्या. तरी सांगितलं: यूपीआय जे नाव दाखवतं ते आज फोनवर बोलणाऱ्याचं नसतं, त्या नंबरला ज्यानं कधीतरी बँक खातं जोडलं त्याचं असतं. रिचार्ज न केलेला नंबर बंद होतो. बंद झाल्यावर निदान ९० दिवसांनी कंपनी तोच नंबर नव्या माणसाला देऊ शकते. जुन्या माणसानं बँकेत बदल केला नसेल तर नाव जुन्याचं, आवाज नव्याचा. (बँकांनी अशा फिरलेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून नोंदी सुधाराव्यात, हा नियम पुढे ३१ मार्च २०२५ पासून आला.)

पोरांच्या चेहऱ्यावरून काही पटलेलं दिसेना. पण त्यांतल्या एकाची आत्या त्याच गावात दिलेली. त्यानं तिला उठवलं. तिनं शेजारी जाऊन त्या माणसाला उठवलं. सत्तरीचे आजोबा. स्पीकरवर वैतागून म्हणाले, "माझा नंबर? त्यो बंद पडून वरीस झालं. पोराच्याच फोनवर बोलतो न्हवं का मी."

गाड्या बंद झाल्या. कुणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "च्या मायला, म्हाताऱ्याला हाणलं असतं."

त्या रात्रीबद्दल मी पुष्कळ विचार केला. मॅडमांना ज्या रीतीनं शोधलं त्याच रीतीनं आजोबांनाही शोधलं होतं: यंत्रानं नाव दिलं आणि बाकीची ओळख आपण भरली. पहिल्या वेळी बरोबर, दुसऱ्या वेळी साफ चूक, आणि दोन्ही वेळा खात्री अगदी सारखीच. आजोबांना वाचवलं तेही शेवटी आत्याच्या ओळखीनंच, यंत्रानं नाही. आत्या त्या गावात दिली नसती तर काय, हे मी पोरांना विचारलं नाही.

पोलिसांनी पुढे कंपनीकडून तो नंबर आता कुणाच्या नावावर आहे ते काढलं. बोलणारा विशीतला मुलगा होता. मॅडमांच्या कॉलेजशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, त्यानं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या हातानं आलेल्या स्क्रीनशॉटवर नंबर होता, म्हणून लावला. का, हे त्यालाही नीट सांगता आलं नाही. बनावट खातं काढणारा मात्र आजतागायत कळलेला नाही. त्यानं फार हुशारी केली असं मला वाटत नाही. तो फळ्यावर लिहायला गेला नव्हता, कुणासाठी पैसे गोळा करायला गेला नव्हता.

जुलै

कॉलेजनं मॅडमांना काढलं नाही. सीएचबीत काढायचं काही नसतं. जुलै २०२४ मध्ये मुलाखतीला बोलावलं, सगळे नीट बोलले, चहा झाला. आठवड्यानं कळलं की या वर्षी त्या विषयाला तेवढा कार्यभार नाही. पेजचा उल्लेख कुणी केला नाही, त्यामुळे त्याविरुद्ध अर्ज करायचा तर कशाविरुद्ध हे लिहिता येत नाही. मॅडम आता घरी शिकवण्या घेतात. त्या दोन मुलींपैकी एकीची धाकटी बहीण त्यांच्याकडे येते.

पेज त्यांनी त्या वर्षीच सोडलं. बंद केलं नाही, तिघांच्या हाती दिलं. ते तिघे कोण हे मला माहीत नाही. भावालाही नाही, असं तो म्हणतो. वेळा आता कशाही असतात, फोटो नसतात, पैसे गोळा करायचे असले तर एखाद्या ट्रस्टचं खातं देतात. मी मॅडमांना जे जे सांगितलं होतं ते सगळं पाळलेलं दिसतं.

परवा रात्री एक नवी पोस्ट आली. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे, एसटीचा प्रवास आणि "थकून आलो आणि भाकरी थापायला उभा राह्यलो". मी जेवताना ती आईला वाचून दाखवली. तिनं ताटावरून मान वर केली.

"कोण रं ही पोरगी?"